पट्टी वाजली, तर उठणार कोण?

पत्र: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे आणि पुढच्या आठवड्यात ती काढायचं मोठं ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, पहिली रात्र आयसीयूत ठेवू आणि मग वॉर्डात हलवू. तिथे छातीवर एक बिनतारी पट्टी चिकटवतात आणि मनगटाला एक यंत्र बांधतात. नाडी, श्वास, ऑक्सिजन सगळं चोवीस तास दिसत राहतं. हे ऐकून धाकटा भाऊ खूश आहे. म्हणतो, "मशीन जागं आहे ना, मग आपण कशाला जागायचं?" आईचा काडीचा विश्वास नाही. तिला वाटतं, आयसीयूचा बेड वाचवायला हे काढलंय. बाबांचं एकच म्हणणं, "मला वायरीत अडकवून ठेवू नका." बाबांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे आणि ते जबरदस्त घोरतात. या पट्टीवर किती भरवसा ठेवायचा? रात्री कोणी थांबायचं का? आणि घरी आल्यावर त्यांना स्मार्टवॉच घेऊन द्यावं का?
– काळजीत पडलेली मुलगी

नमस्कार,

तुमचं पत्र वाचल्यावर आधी बाबांची बाजू घ्यावीशी वाटली, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते. नेहमीचा मॉनिटर म्हणजे छातीला तीन वायरी, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा आणि या सगळ्याचं दुसरं टोक पलंगाशेजारच्या डब्यात. माणूस कुशीवर वळला की एखादी वायर सुटते. बाथरूमला जायचं तर सिस्टरला बोलावून सगळं काढायचं, आल्यावर पुन्हा लावायचं. मग माणूस जायचंच टाळतो. पडून राहतो. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर असं पडून राहणं महागात पडतं. छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत गुठळी धरते, आतडी सुस्त राहतात. म्हणून तर हल्ली दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात. बिनतारी पट्टी अंगावर असताना बाबा पॅसेजमध्ये खुशाल फेऱ्या मारू शकतात. त्यांना सांगा, ज्या वायरीला ते घाबरतात तीच यातून काढून टाकली आहे.

आता आई. त्यांची शंका मला आवडली, कारण ती विचारायलाच हवी. आयसीयूत एका सिस्टरकडे एखाद-दुसराच पेशंट असतो, डॉक्टर जवळ असतो, हाताच्या धमनीत नळी घालून रक्तदाब प्रत्येक ठोक्याला मोजता येतो. चिकटवायची कुठलीही पट्टी हे सगळं देऊ शकत नाही. "आता पट्टी आहे, तर पहिल्या रात्रीही आयसीयू नको" असं कोणी म्हणालं, तर आईंना पुढे करा आणि कारण विचारायला लावा. पण तुमच्या सर्जननी तसं म्हटलेलं नाही. ते म्हणतात, आयसीयूनंतर वॉर्डात. त्यामुळे पट्टीची तुलना आयसीयूशी करायची नाही, पट्टी नसलेल्या वॉर्डाशी करायची.

पट्टी नसलेल्या वॉर्डात काय होतं ते सांगते. सिस्टर राउंडला येते, बीपी, नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन बघते, चार्टवर लिहिते आणि जाते. किती वेळा? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली नाडी-श्वासासारख्या या मोजमापांना गुण देण्याची एक पद्धत आणली (जितके गुण जास्त, तितकी तब्येत बिघडलेली) आणि २०१७ मध्ये ती सुधारली. 'न्यूज २' या नावाने ती ओळखली जाते. त्या पद्धतीत गुण १ ते ४ असतील तर दर चार ते सहा तासांनी बघा, असं सांगितलं आहे. चार तास धरले तरी दिवसातून सहा वेळा. एका खेपेला पाच मिनिटं गेली, तर चोवीस तासांतला अर्धा तास बघून झाला. उरलेल्या साडेतेवीस तासांत पेशंट कसा होता, ते चार्टला माहीत नसतं.

त्या साडेतेवीस तासांत डोकावून बघण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये झाला. २०१५ साली त्यांनी ८३३ पेशंटांची नोंद छापली. ऑपरेशननंतर या लोकांना सतत ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलं होतं, पण त्यावरचे आकडे सिस्टरना दिसत नव्हते. त्या नेहमीसारखा चार्ट लिहीत होत्या. नंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. शंभरातल्या ३७ जणांचा ऑक्सिजन सलग एक तास किंवा त्याहून जास्त ९० टक्क्यांच्या खाली राहिला होता. आणि असे जे तासभराचे प्रसंग घडले, त्यांतले ९० टक्के चार्टवर आलेच नव्हते.

सिस्टर कामचुकार होत्या का? नाही. रात्री दोन वाजता त्या येतात, "आजोबा, जरा हात द्या" म्हणतात. आजोबा जागे होतात, दोन-तीन खोल श्वास घेतात, बोटाला चिमटा लागतो. आकडा ९५. खराच असतो तो, पण जागेपणीचा. झोपेतला आकडा कोणी बघितलेलाच नसतो.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगते. मी भूलशास्त्र शिकत होते तेव्हाची, रात्रपाळीची. पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस असलेला एक पेशंट, वय साधारण तुमच्या बाबांइतकं. चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, १८, १८, १८. खाली "शांत झोप लागली आहे" असा शेरा. मी त्या कागदावर सही केली आणि पुढे गेले. तासाभराने दुसऱ्याच कुणासाठी त्या खोलीत परत आले, तेव्हा हे गृहस्थ घोरत होते. एक लांब घोरणं, मग काहीच नाही, मग अचानक घशात अडकल्यासारखा आवाज, मग पुन्हा घोरणं. पोटावर हात ठेवून घड्याळ लावलं. मिनिटात सहा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोटाचा आकडा ९६ दाखवत होता! हाक मारली, उठेनात. खांदे हलवले, एक डोळा किलकिला झाला आणि मिटला. दुखणं थांबवायला दिलेलं मॉर्फिन अंगात साठलं होतं. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिलं, दोन मिनिटांत ते खडबडून जागे झाले आणि दुखतंय म्हणून मला शिव्या घालू लागले. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

हे विस्ताराने सांगितलं, कारण त्यात तुमच्या बाबांसाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, ऑक्सिजनचा आकडा चांगला म्हणजे श्वास चांगला, असं नाही. नाकाला किंवा तोंडाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ छान राहतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि माणूस गुंगीत खोल खोल जातो. म्हणून श्वासाची मोजणी वेगळी व्हायला हवी. वॉर्डात सगळ्यात कमी मनापासून मोजली जाणारी गोष्ट कुठली, तर हीच. ओळीने १८ किंवा २० लिहिलेला चार्ट दिसला, की कोणी मोजलंय की अंदाजे लिहिलंय, असा प्रश्न माझ्या मनात आजही येतो.

दुसरी, ते घोरणं. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी श्वास कोणाचा मंदावतो, हे बघायला अमेरिका, युरोप आणि आशियातल्या सोळा रुग्णालयांत एक अभ्यास झाला. 'प्रॉडिजी' त्याचं नाव, २०२० मध्ये आला. सतत नजर ठेवलेल्या १,३३५ पेशंटांपैकी ४६ टक्क्यांमध्ये निदान एकदा तरी श्वास मंदावल्याचा प्रसंग दिसला. धोका कोणाला जास्त, याची पाच कारणं त्यांनी काढली. वय साठ किंवा त्यापुढे, पुरुष असणं, ही औषधं आधी कधी न घेतलेली असणं, झोपेत श्वास अडकण्यासारखे विकार आणि जुना हृदयविकार, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणं. बाबांची पहिली दोन कारणं पक्की आहेत, तिसरंही बहुधा असेल. चौथ्याचं उत्तर आईंकडे आहे. इतक्या वर्षांत रात्री कधी घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा वाटलाय का? वाटलं असेल तर भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर नव्हे. त्यावरून ते वेदनाशामकांचा बेत बदलू शकतात. पाठीतून एपिड्युरल किंवा पोटाच्या नसा बधिर करणं, असे मॉर्फिन कमी लागणारे मार्ग असतात.

तशीच बीटा ब्लॉकरची गोष्ट. आतून रक्त जात असेल, किंवा आतड्याचा जोड गळायला लागला असेल, तर नाडी वाढणं ही सहसा पहिली हाक असते. बीटा ब्लॉकर ती हाक दाबतं. दुसऱ्या कुणाची नाडी अशा वेळी १२० झाली असती, तिथे बाबांची ९५ वर थांबेल आणि यंत्राला त्यात काही वावगं दिसणार नाही. म्हणून एक मागणी करा. पट्टी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा निदान त्या सकाळी लावून बघता येईल का? बाबांची निवांत असतानाची नाडी ५८ असते हे लिहून ठेवलेलं असलं, की ९५ चा अर्थ कुणालाही कळतो. आणि ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती कधी घ्यायची हे भूलतज्ज्ञच सांगतील.

भाऊ म्हणतो ते "मशीन" नक्की काय करतं, हे थोडक्यात. पट्टीत दोन इलेक्ट्रोड असतात, ते हृदयाचे ठोके टिपतात. श्वासाबरोबर छाती फुगते-बसते तसा तिच्यातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा बदलतो, त्यावरून श्वास मोजला जातो. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं ना, त्याच जातीचा सेन्सर आत असतो. माणूस झोपलाय, बसलाय की चालतोय हे तो सांगतो. मनगटाचं यंत्र बोटातून लाल आणि अदृश्य अवरक्त प्रकाश पाठवून ऑक्सिजन काढतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. रक्तदाब मात्र बहुतेक ठिकाणी अजून दंडाला पट्टा बांधूनच मोजतात. बिनपट्ट्याचा रक्तदाब दाखवणारी यंत्रं आहेत, पण त्यांना अधूनमधून खऱ्या पट्ट्याशी जुळवून घ्यावं लागतं. हे सगळे आकडे ब्लूटूथ किंवा वायफायने खोलीतल्या एका छोट्या पेटीत जातात आणि तिथून पडद्यावर.

आता चुका. नाडी ही यंत्रं बरी मोजतात. श्वासाची मोजणी माणूस बोलत, खोकत किंवा चालत असताना गडबडते. त्वचेवरचं तापमान थर्मामीटरइतकं भरवशाचं नसतं. बोट गार पडलं, नखाला रंग असला, हात उशीखाली दाबला गेला की ऑक्सिजन खोटा खाली जातो. माझ्या मावशीच्या वेळी ८२ आकडा बघून मी जिन्यावरून धावत वर गेले होते. बाई स्वतःच्याच हातावर झोपल्या होत्या. उलट, गडद त्वचेत ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि ते जास्त घातक. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के निघालं, गोऱ्यांमध्ये ३.६. त्यामुळे आकडा ९३ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

पण भावाला सांगायची खरी गोष्ट चुकांची नाही. यंत्र अगदी बिनचूक असलं तरी ते पलंगाशी चालत येत नाही. ते फक्त वाजतं.

आणि वॉर्डात किती गोष्टी वाजतात! सलाईनचा पंप वाजतो, शेजारच्या पलंगाची बेल वाजते, फोन वाजतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये यावर इशाराच काढला होता. अलार्मपैकी ८५ ते ९९ टक्के असे, की ज्यांवर उपचाराचं काहीच करावं लागत नाही. आणि त्याच गोंगाटात २००९ च्या जानेवारीपासून २०१२ च्या जूनपर्यंत अलार्मशी निगडित ९८ गंभीर प्रसंग त्यांच्याकडे नोंदले गेले, त्यांतल्या ८० मध्ये पेशंट दगावला. शंभरदा खोटा वाजलेला अलार्म एकशे एकाव्यांदा खरा असला, तरी कान तो ऐकायचं सोडून देतात. सिस्टरला दोष देऊन चालत नाही, तुमचे-माझे कानही तेच करतात.

म्हणून मला अमेरिकेतल्या डार्टमथचं उदाहरण फार पटतं. तिथल्या रुग्णालयात ३६ खाटांच्या हाडांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात त्यांनी प्रत्येक पेशंटला सतत ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलं. २०१० साली निकाल छापले. अलार्म भिंतीवरच्या पडद्यावर वाजत बसला नाही, थेट त्या पेशंटच्या सिस्टरच्या पेजरवर गेला. आणि त्यांनी अलार्मची मर्यादा ९० वर ठेवली नाही, ८० पर्यंत खाली आणली. वर काही सेकंद थांबून मगच वाजायचं. ऐकायला भयंकर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्यामुळे वाजणं इतकं कमी झालं की वाजलं की कोणीतरी जायचंच. जीव वाचवायला धावण्याचे प्रसंग हजार डिस्चार्जमागे ३.४ वरून १.२ वर आले. आयसीयूत परत न्यावं लागण्याचं प्रमाण हजार रुग्णदिवसांमागे ५.६ वरून २.९ झालं. हा एका वॉर्डाचा आधी-नंतरचा हिशोब आहे, सगळ्या जगाचा नाही. पट्ट्यांमुळे मृत्यू कमी होतात हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा अजून माझ्या हाती नाही, म्हणून तसं मी म्हणणार नाही. पण यंत्र कुठे कामाला येतं, हे त्या वॉर्डाने दाखवलं.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला भेटा. सर्जनना नाही, पट्टी पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला तर नाहीच. त्यांना एवढंच विचारा, "रात्री तीन वाजता बाबांची पट्टी वाजली, तर कोणाच्या हातातला फोन वाजतो?"

आणि उत्तर कसं येतं ते बघा. "अहो, स्टेशनवर स्क्रीन आहे, सगळं दिसतं तिथे" असं उत्तर आलं, तर पुढे विचारा, तीन वाजता त्या स्क्रीनसमोर कोणी बसलेलं असतं का. "माझ्या ड्युटीवरच्या मुलीच्या फोनवर, तिने अमुक मिनिटांत नाही उचलला तर माझ्याकडे, मग रेसिडेंट डॉक्टरकडे" असं न अडखळता आलं, तर तुम्ही बऱ्या ठिकाणी आहात. त्या मुलीकडे रात्री किती पेशंट असतात हेही विचारा, आकडा ऐकून दचकू नका, फक्त लक्षात ठेवा. आणखी एक, जे सहसा कोणी विचारत नाही. पट्टीचा सिग्नल तुटला तर कळतं का? एक्स-रेला नेलं, लिफ्टमध्ये गेलं, घामाने पट्टी सुटली, बॅटरी संपली, तर पडद्यावर आकडा येत नाही. कोरा पडदा आणि चांगला पडदा यांत फरक करणारं कोणीतरी हवं.

सतत दिसणारे आकडे आपल्याही मोबाइलवर मिळतील का, असं भाऊ विचारेल. मिळत असतील तरी घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. निरोगी माणसाचा ऑक्सिजनही झोपेत खाली-वर होतो. तुम्ही रात्रभर पडदा बघत बसाल, दर वीस मिनिटांनी सिस्टरला बोलवाल आणि चौथ्या वेळी ती सावकाश येईल. ती चौथी वेळच खरी असू शकते.

मग रात्री थांबायचं का? थांबा. पहिल्या तीन-चार रात्री एकाने थांबाच, पण पहारा द्यायला नाही. (तसाही बाकड्यावर पेंगणारा पहारेकरी काय कामाचा!) ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि पुढच्या दोन-तीन रात्री ती उसनं फेडल्यासारखी जोरात परतते. त्याच झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास अडकतो, ऑक्सिजन घसरतो. म्हणजे "आता बरे दिसताहेत, आज घरी जाऊन झोपतो" असं सगळे म्हणतात त्या तिसऱ्या रात्रीच घोरणाऱ्या माणसाकडे बघायला हवं.

बघायचं काय, तर जे पट्टीला कळत नाही ते. बाबा आज बाबांसारखे आहेत का? मध्येच असंबद्ध बोलताहेत, कुठे आहोत ते विसरलेत, उगाच पांघरूण चाचपताहेत? 'न्यूज २' मध्ये नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला सरळ तीन गुण आहेत, आणि कुठल्याही एका गोष्टीला तीन गुण पडले की डॉक्टरला कळवायचं असतं. ते घोरत असतील तर पोटावर अलगद हात ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मंद श्वासात तीच फसगत होते. १२ ते २० ठीक. ८ किंवा त्याखाली, नाहीतर २५ किंवा त्यावर, लगेच सिस्टर. हाकेला ओ देत नसतील तर मोजत बसू नका, आरडाओरडा करा. आणि छातीत दुखत नाही म्हणून हृदय ठीक, असंही धरू नका. ऑपरेशननंतर हृदयाला जी इजा होते ती बहुतेकांना जाणवतच नाही, वेदनाशामकं चालू असतात. ती रक्तातल्या ट्रोपोनिनच्या तपासणीत सापडते, पट्टीवर नाही. बाबांची ती तपासणी होणार आहे का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

"मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये" एवढं म्हणायला लाजू नका. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' रुग्णालयांमध्ये लागू व्हायला लागला आहे. २०२१ मध्ये गेलेल्या तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या आईवडिलांनी तो लावून धरला. पेशंट खालावतोय असं घरच्यांना वाटलं आणि वॉर्डात कोणी ऐकेना, तर दुसऱ्या चमूला थेट बोलावता येतं. तुमच्या रुग्णालयात असा काही नंबर आहे का, तेही त्या सिस्टरनाच विचारा.

घरी आल्यानंतरचं. चौदा देशांतल्या ४०,००४ पेशंटांवरचा 'व्हिजन' नावाचा एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. ४५ वर्षांवरचे, हृदय सोडून इतर ऑपरेशन झालेले लोक. तीस दिवसांत ७१५ जण गेले. म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त लोक सुखरूप होते, हे आधी आईंना वाचून दाखवा. पण त्या ७१५ पैकी ऑपरेशन टेबलवर गेले फक्त ५. ५०० नंतर रुग्णालयात, आणि २१० डिस्चार्ज झाल्यावर. सगळी भीती आपण टेबलापाशी खर्च करतो आणि घरी आलो की सुटलो म्हणतो.

तरी स्मार्टवॉच घेऊ नका, निदान या कामासाठी नको. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी नाही. काही घड्याळं ठोक्यांची अनियमितता पकडतात, ते ठीक. पण हार्ट अटॅक ती ओळखत नाहीत, आणि त्यांचा ऑक्सिजन हात स्थिर असेल तरच खरा. रुग्णालयाने पट्टी घरी देऊन रोज फोन करणारी नर्स ठेवली असेल तर जरूर घ्या. कॅनडात कोविडच्या काळात आठ रुग्णालयांतल्या ९०५ पेशंटांवर याच धर्तीचा प्रयोग झाला. पहिल्या ३१ दिवसांत घरी काढलेले दिवस, असं लक्ष ठेवलेल्या आणि नेहमीसारखी देखरेख असलेल्या, दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले, तिथे काही जादू झाली नाही. पण औषधांच्या चुका कितीतरी जास्त पकडल्या गेल्या आणि लोकांचं दुखणंही कमी राहिलं. मला विचाराल तर ते श्रेय यंत्रापेक्षा बोलणाऱ्या नर्सचं.

तुमच्याकडे तशी सोय नसेल तर एक थर्मामीटर, एक बीपीचं यंत्र आणि डिस्चार्जच्या कागदावर चोवीस तास उचलला जाणारा एक नंबर, एवढं पुरे. ताप, थंडी वाजणं, पोट फुगून उलट्या, धाप, एका पायाला सूज, जखमेतून पाणी किंवा रक्त, लघवी एकदम कमी होणं, दिवसाही गुंगी. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता तो नंबर लावा. तो खरंच उचलला जातो का, हे घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी एकदा लावून बघा.

आणि हो, बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पट्टी नीट बसावी म्हणून छातीवरचे थोडे केस कापतात. हे ऐन वेळी कळलं, की भलेभले ऑपरेशनपेक्षा त्यावरच जास्त चिडतात.